गॅस गीझर पेटत नाही? आणि पेटतो, पण कुठे? या चुका टाळा

परभणीत माझं शेगडी-गीझर दुरुस्तीचं काम. नरकचतुर्दशीला पहाटे साडेचारलाच पहिला फोन वाजतो. "भाऊ, गीझर कामातून गेला बगा. घरात चार माणसं तेल लावून बसलेत."

गीझर बहुधा धड असतो. होळीनंतर बंद केलेला तो थेट अभ्यंगस्नानाला सुरू केलेला असतो, एवढंच. मधल्या सात-आठ महिन्यांत बर्नरच्या नळ्यांत कोळी जाळं विणतो, सोयाबीनच्या मळणीचा भुसा आत बसतो आणि सेल पाझरून डब्यातली पत्री हिरवी पडते. दिवाळीच्या आठवडाभर आधी एकदा चालवून बघा. उन्हाळा लागला की सेल काढून ठेवा.

टक-टक आवाजच येत नसेल तर आधी सेलकडेच बघा. १.५ व्होल्टचे दोन मोठे सेल लागतात, दोन्ही नवे घाला. चार्जिंगचे सेल घालून पैसे वाचवायला गेलात तर ३ ऐवजी २.४ व्होल्टच मिळतात आणि ठिणगी मरतुकडी पडते. टक-टक होते पण पेटत नाही, असं नवा सिलिंडर लावल्यावर होतं, कारण नळीत हवा असते. अशा वेळी नळ चालू-बंद, चालू-बंद करत बसू नका. न जळलेला गॅस आत साठतो आणि मग भक्कन पेट घेतो. एका काकांच्या भुवया अशाच गेल्या. पाच मिनिटं थांबा, मग परत बघा.

पेटून लगेच विझत असेल तर दोष बहुतेक पाण्याच्या दाबाचा. पाण्याच्या दाबाने आतलं रबर, म्हणजे डायफ्राम, ढकललं जातं, तेव्हाच गॅस सुटतो. दहा मीटर उंचीच्या पाण्याने साधारण एक बार दाब मिळतो. आपल्याकडे एकमजली घर, गच्चीवर स्लॅबला टेकवलेली टाकी. गीझरपर्यंत दोन-अडीच मीटरचीच उंची मिळते. त्यात नळाला पाणी आठ-दहा दिवसांनी येणार, म्हणजे टाकी तळाला गेलेली. टाकीखाली चार-पाच फुटांचा ओटा बांधला की कित्येक गीझर आपोआप 'दुरुस्त' होतात. त्याआधी पाणी आत येतं तिथली जाळी काढून धुवा, वाळूने भरलेली सापडेल. आणि बऱ्याच गीझरना वीस मिनिटांनी आपोआप बंद व्हायची सोय असते. तो बिघाड नव्हे, मुलांना अंघोळ आवरायला सांगा.

बोअरचं पाणी

२०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं, हे आपण विसरलेलो नाही. टंचाई आली की बोअर आणखी खोल जातं, आणि आपल्याकडचं बोअरचं पाणी जड. ते फार तापलं की त्यातले क्षार वेगळे होऊन तांब्याच्या नळीला आतून चिकटतात. पांढरा थर वाढला की गॅस तेवढाच जळतो, पाणी मात्र कोमट आणि धार बारीक.

इथे सगळ्यांची सवय एकच: गॅसचं बटण मोठ्यावर, कढत पाणी बादलीत, वरून गार पाण्याचं विसावण. बंबाच्या काळातली ही सवय गीझरला मारते. बटण कमी ठेवून अंगाला सोसेल एवढंच पाणी तापवा. अंघोळ संपताना गॅस बारीक करून थोडं पाणी वाहू द्या, मग नळ बंद करा; नाहीतर नळीत थांबलेलं पाणी तिच्या धगीवर तापत राहतं.

थर काढायला संडासचं अॅसिड ओतणारे महाभाग मी पाहिलेत. थर जातो, पाठोपाठ नळीला भोकंही पडतात. गॅस बंद करून, लिटरभर कोमट पाण्यात पन्नासेक ग्रॅम लिंबूसत्त्व विरघळवून ते नळीत अर्धा तास ठेवावं आणि भरपूर पाण्याने धुवावं. खोलाखोली जमत नसेल तर हे काम मिस्त्रीकडून करून घ्या.

सिलिंडर संपत आला म्हणून आडवा करू नका. आडव्या सिलिंडरमधून पातळ गॅस नळीत येतो आणि ज्वाळा भडकते. थंडीत सिलिंडरमधला दाब तसाही उतरतो, आणि सहा लिटरचा गीझर शेगडीच्या चार-पाच मोठ्या बर्नरएवढा गॅस खातो. शेगडीला पुरणारा उरलेला गॅस गीझरला पुरत नाही. वास आला तर दिव्याचं बटणही दाबू नका, दारं-खिडक्या उघडा, रेग्युलेटर बंद करा, १९०६ ला फोन लावा.

न्हाणीघरातला गीझर

पेटत नसलेल्या गीझरने फार तर गार पाण्याने अंघोळ होते. मला भीती वाटते ती बंद न्हाणीघरात व्यवस्थित पेटणाऱ्या गीझरची.

पारा घसरला की आपण झरोक्याला पोतं कोंबतो, आतून कडी लावतो. तेवढ्याशा जागेतला प्राणवायू गीझर खाऊन टाकतो आणि कार्बन मोनॉक्साइड सुटायला लागतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोकं जड होतं, मळमळतं, पायातलं बळ जातं आणि कडी काढायच्या आधी माणूस खाली बसतो. ज्वाळा निळीऐवजी पिवळी दिसली तर गीझर त्याच क्षणी बंद करा. पण निळी आहे म्हणून निर्धास्तही राहू नका. नुसत्या एक्झॉस्टवरही भिस्त ठेवू नका; दाराखालून हवा आत यायला फटच नसेल तर तो ओढणार काय?

गीझर बाहेर, गॅलरीत किंवा मोकळ्या बोळात लावा आणि गरम पाण्याची नळी भिंतीतून आत घ्या. "फरशी फुटेल" म्हणून नाही म्हणणाऱ्यांकडे मी आता गीझर बसवतच नाही.

कुणी आत पडलंच तर आधी दार उघडून त्याला मोकळ्या हवेत आणा, गीझर बंद करा, १०८ ला फोन करा. चक्कर आली, बीपी उतरला असं म्हणून घरी निजवू नका. आणि दवाखान्यात पहिल्याच वाक्यात सांगा की गॅस गीझर चालू होता. बोटाला लावायचं साधं ऑक्सिमीटर या विषबाधेतही ९८-९९ दाखवू शकतं, आणि तो आकडा बघून माणूस ठीक आहे असा समज होतो.