रडारवर चालणारा माणूस आणि फिरणारं चाक कसं ओळखायचं

वेग बघून ओळखायला जाऊ नका, फसाल. कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर पळणारा पोरगा आणि बाहेर रस्त्यावर निवांत सायकल मारणारे काका, दोघंही १०-१२ किमीच्या आसपासच असतात. फरक असतो तो अंगासोबत अजून काय हलतंय त्यात, आणि तो एचबी१०० या छोट्या, साध्या रडार मॉड्यूलवरही मस्त दिसतो.

हे मॉड्यूल १०.५२५ गिगाहर्ट्झवर चालतं आणि हलणाऱ्या वस्तूवरून परतलेल्या लहरीची वारंवारता जितकी बदलते तितक्या हर्ट्झचा सूर देतं (डॉप्लर परिणाम), म्हणजे समोरून येणाऱ्या वस्तूच्या ताशी दर किमी वेगामागे साधारण १९.५ हर्ट्झ. सिग्नल अगदीच बारीक असतो, त्यामुळे एलएम३५८ या चिपचा अ‍ॅम्प्लिफायर लावून मगच लॅपटॉपच्या माइकला द्या, मधे एक कपॅसिटर टाका. ऑडॅसिटी या आवाज रेकॉर्ड करायच्या सॉफ्टवेअरमध्ये ८००० हर्ट्झला रेकॉर्ड करा, स्पेक्ट्रोग्राम व्ह्यू (वेळेनुसार कोणते सूर आहेत ते दाखवणारं चित्र) लावा, विंडो, म्हणजे एका वेळी तपासायचा तुकडा, १०२४ नमुन्यांची ठेवा. विंडो यापेक्षा खूप मोठी केली तर पावलं एकमेकांत मिसळतात, लहान केली तर रेषा जाडजूड होतात, इथे थोडं खेळावंच लागतं.

आणि हो, घरात टेस्ट करताना जुनी ट्यूबलाइट आधी बंद करा! माझी पहिली संध्याकाळ त्यातच गेली, कारण ट्यूब १०० हर्ट्झची सरळ रेषा देते आणि ५ किमीने चालणारा माणूसही बरोबर तिथेच, ९७-९८ला येतो.

आता माणूस. छाती-पोटाची एक जाड, किंचित लाटेसारखी रेषा दिसते, आणि तिच्यावर दर पावलाला एक टोकदार उसळी, कारण टेकलेलं पाऊल जवळजवळ थांबलेलं असतं आणि पुढे येणारं पाऊल अंगाच्या जवळपास तिप्पट वेगाने झेपावतं. म्हणजे अंग ९८ला, तर टोकं २८०-२९०ला. सेकंदाला दोनेक उसळ्या मोजल्या की समजा माणूसच आहे.

चाकाचं वेगळंच. जमिनीला टेकलेला भाग स्थिर, आस गाडीच्या वेगाने, आणि वरचा काठ दुप्पट वेगाने जातो, त्यामुळे शून्यापासून दुप्पटीपर्यंत एकसारखा धूसर पट्टा पसरतो, त्यात पावलांचा ठेका नसतो. सायकल १२ किमीला असेल तर मुख्य रेषा २३४ला आणि पट्टा ४६८पर्यंत. रिक्षा-कारचं चाक वरून मडगार्डने झाकलेलं असतं म्हणून पट्ट्याची वरची कड फिकी पडते, मॉड्यूल खाली, गुडघ्याएवढ्या उंचीवर लावून बघा.

रस्त्याच्या कडेने आडवं धरू नका, ६० अंशाच्या कोनात सगळे आकडे निम्मे होतात. आणि या मॉड्यूलला एकच आउटपुट आहे, येतोय की जातोय ते यातून कळत नाही.

रस्त्यावर जायच्या आधी पार्किंगमध्ये स्वतःलाच रेकॉर्ड करा, एकदा हात हलवत, एकदा खिशात घालून, आणि मग सायकल हाताने ढकलत रडारकडे या, पावलांच्या उसळ्या आणि चाकाचा पट्टा एकाच चित्रात दिसतील.