परदेशी बंदरात युद्धनौका न्यायचीय? या चुका टाळा

नाशिकला समुद्र नाही, पण नौदलात जायची हौस दांडगी. गंगापूर रोडला एसएसबीच्या (सैन्यदलात अधिकारी निवडणाऱ्या मंडळाच्या मुलाखतीच्या) तयारीसाठी येणाऱ्या मुलांना मी दर बॅचला एक कागदी सराव देतो: आपल्या युद्धनौकेची परदेशी बंदराला सदिच्छा भेट ठरवा. चुका ठरलेल्या.

सगळ्यात मोठी म्हणजे थेट बंदरालाच पत्र. ‘तिथले अधिकारी ओळखीचे आहेत’ असंही एकानं लिहिलं होतं! अरे, कुंभात रामकुंडावर कोणता आखाडा कधी उतरणार हेसुद्धा आधी प्रशासनाशी बसून ठरतं. इथे तर तोफा लावलेली नौका परक्याच्या दारात न्यायचीय. विनंती कमांडकडून, म्हणजे नौदलाच्या विभागीय मुख्यालयाकडून, नौदल मुख्यालयात जाते, तिथून संरक्षण आणि परराष्ट्र मंत्रालयांमार्फत त्या देशातल्या आपल्या वकिलातीकडे. वकिलात तिथल्या परराष्ट्र खात्याला रीतसर लेखी विचारते. बंदर, धक्का, एजंट यांचा नंबर त्यानंतर.

काही हुशार मुलं १९८२ च्या समुद्र कायदा कराराचा दाखला देतात. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांच्या पट्ट्यातून निमूटपणे पुढे निघून जायचा हक्क त्यात आहे, खरंय. पण ते फक्त जाणं झालं, बंदरात शिरणं नव्हे. शिवाय भारत स्वतः १९७६ च्या कायद्यानुसार परक्या युद्धनौकांकडून आपल्या पट्ट्यात येण्याआधी सूचना मागतो.

‘उत्तर आलं नाही, म्हणजे हरकत नसावी’ हे तर भलतंच. ऑगस्ट २०२२ मध्ये अमेरिकी तटरक्षक दलाची ‘ऑलिव्हर हेन्री’ सॉलोमन बेटांवर होनियाराला इंधन भरणार होती. परवानगी वेळेत आली नाही आणि तिला पापुआ न्यू गिनीकडे वळावं लागलं. आवश्यक माहितीच उशिरा मिळाली, असं सॉलोमन बेटांच्या पंतप्रधानांनी सांगितलं आणि परदेशी नौदलांच्या भेटीच काही काळ थांबवल्या. तुमचं उत्तर अडकलं तर पाठपुरावा वकिलातीनंच करायचा. कॅप्टननं फोन फिरवत बसायचं नाही. आणि पर्यायी बंदरापर्यंत पुरेल एवढ्या इंधनाचा हिशेब आधीच करून ठेवायचा.

अर्जात हेलिकॉप्टर उडणार का, पाणबुडे उतरणार का, संचलनाला बंदुका किनाऱ्यावर नेणार का, रेडिओच्या फ्रिक्वेन्सी कोणत्या, नौकेचा ड्राफ्ट (पाण्याखाली बुडणारी खोली) किती, हे सगळं हवं. मंजुरीनंतर तारीख किंवा नौका बदलली? पुन्हा विचारा.

एकीनं वेळापत्रकात ‘सकाळी ९, कस्टम्सची झडती’ घातली होती. युद्धनौकेची झडती घ्यायचा अधिकार यजमान देशाला नाही. नियम मोडले तर ते फार तर निघून जा म्हणतील.

बरीच पोरं नौकेचं नाव ‘आयएनएस गोदावरी’ लिहितात. ती डिसेंबर २०१५ मध्येच निवृत्त झाली. या चुकीचे गुण मी कापत नाही.