सैल पट्टीमागे पाणी कुठे मुरतं? ट्रॅव्हल ट्रेलरच्या दुरुस्तीत नव्याने येणाऱ्यांसाठी

ट्रॅव्हल ट्रेलर म्हणजे गाडीमागे जोडून ओढायचं फिरतं घर. त्याच्या दुरुस्तीच्या कामात नवीन आलेल्या माणसाला सुरुवातीला जी कामं मिळतात, त्यात बाहेरची सुटलेली पट्टी बसवणं हमखास असतं. काम दिसायला किरकोळ. पट्टी हलतेय, दोन-चार स्क्रू नुसतेच फिरतायत, घट्ट केले, थोडं सीलंट, म्हणजे फटी बुजवायचं लुकण, भरलं की झालं, असं ट्रेलरच्या मालकालाही वाटतं आणि शिकाऊ माणसालाही. मी मात्र या पट्ट्यांकडूनच सगळ्यात जास्त शिकलो. भिंत आणि छप्पर, बाजूची भिंत आणि पुढची भिंत जिथे एकमेकांना भेटतात, तो सांधा ही पट्टी झाकते. शोभेचा भाग त्यात फार थोडा. ती सैल झाली याचा अर्थ बहुतेक वेळा असा की मागच्या लाकडाने स्क्रूची पकड सोडली आहे. लाकडाने पकड का सोडली हे कळेपर्यंत ड्रिल हातात घ्यायचं नाही, एवढी एक सवय सुरुवातीलाच लावून घ्या.

आधी समोरचा ट्रेलर कसा बांधलाय ते ओळखावं लागतं. एका प्रकारात आत लाकडी चौकट असते आणि बाहेरून अ‍ॅल्युमिनियमचे नालीदार पातळ पत्रे. दुसऱ्या प्रकारात भिंत चिकटवून बनवलेली असते: बाहेर फायबरग्लासचा पातळ थर, त्यामागे पातळ प्लायवूड, मध्ये फोम, आणि फोमच्या मध्ये लाकडाची किंवा अ‍ॅल्युमिनियमची चौकट. फरक महत्त्वाचा आहे. पत्र्याच्या ट्रेलरमध्ये शिरलेलं पाणी आतून खाली उतरतं आणि तळाची लाकडं कुजवतं. बाहेरून मात्र सगळं ठीक दिसत राहतं. चिकटवलेल्या भिंतीत ओल प्लायवूडमध्ये पसरते, थर सुटतात आणि बाहेरचं फायबरग्लास फुगून येतं. ते फुगणं पूर्ववत करणं फार अवघड, म्हणून तिथे पट्टीची तक्रार आली की मी ते काम पुढे ढकलत नाही. चौकट अ‍ॅल्युमिनियमची असेल तर प्रश्न वेगळा होतो. स्क्रू पातळ भिंतीच्या नळीत बसलेला असतो आणि धक्क्यांनी त्याचे आटे झिजतात. कुजण्याचा संबंध नसतो. तिथे एक आकार मोठा स्क्रू किंवा रिव्हेट लागतो. एअरस्ट्रीम कंपनीच्या ट्रेलरसारख्या रिव्हेट मारलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या कवचाचं काम तर निराळंच आहे, ते इथे धरलेलं नाही.

आता पट्टी आतून कशी असते ते. लांब, अ‍ॅल्युमिनियमची, मध्ये एक उथळ खाच. त्या खाचेतून ठरावीक अंतरावर स्क्रू मारलेले, आणि ते झाकायला वर व्हाइनलची (एक प्रकारच्या प्लास्टिकची) मऊ फीत दाबून बसवलेली. पट्टी आणि भिंत यांच्यामध्ये ब्यूटाइल टेपचा (चिकट, लवचीक रबरी पट्टीचा) किंवा पुट्टी टेपचा (लांबीसारख्या मऊ पट्टीचा) थर. बिघाड सुरू होतो तो बहुधा फितीपासून. व्हाइनल मऊ राहावं म्हणून त्यात मिसळलेली द्रव्यं उन्हाने हळूहळू निघून जातात, फीत कडक होते, आखडते आणि टोकांना उघडी जागा सोडते. त्या जागेतून पावसाचं पाणी खाचेत शिरतं आणि स्क्रूंच्या डोक्यांवर साचतं. स्क्रू जस्ताचा मुलामा दिलेले पोलादी असतील तर मुलामा संपल्यावर गंजतात. मग पाणी आट्यांवरून थेट लाकडात उतरतं, छिद्राभोवतीचं लाकूड मऊ पडतं, आणि रस्त्यावरचे धक्के उरलेलं काम पूर्ण करतात.

त्यात भर ऊन-थंडीची. अ‍ॅल्युमिनियम दर अंश सेल्सियसला लांबीच्या दशलक्षांश 23 भाग वाढतं. सहा मीटरची पट्टी रात्रीच्या गारव्यातून दुपारच्या उन्हात आली आणि तापमान 40 अंशांनी चढलं, तर ती सुमारे साडेपाच मिलिमीटर वाढायला बघते. मागचं लाकूड तेवढं वाढत नाही. ही ओढाताण रोजची. म्हणून मधला थर कायम लवचीक राहणारा हवा. स्वस्त पुट्टी टेप काही वर्षांत वाळून भुसभुशीत होते आणि हे हालणं सहन करू शकत नाही. नव्याने बसवताना मी ब्यूटाइलच वापरतो.

तपासणी करताना फीत एका टोकापासून हळूच उचला आणि स्क्रू एकेक करून हाताने काढा. काढलेले स्क्रू ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने एका पुठ्ठ्यात टोचून ठेवा. ही पद्धत मला एका वडीलधाऱ्या कारागिराने दाखवली आणि तिच्याइतकी उपयोगी गोष्ट मला नंतर क्वचितच मिळाली. पुठ्ठ्याकडे बघितलं की भिंतीची हकिकत समोर येते. चकचकीत स्क्रू म्हणजे कोरडी जागा. नुसतं डोकं गंजलेलं असेल तर पाणी खाचेपर्यंतच आलंय. आट्यांवर गंज आणि त्यात अडकलेला काळपट, ओलसर भुसा असेल, तर आतलं लाकूड गेलंय. गंजलेल्या स्क्रूंची रांग जिथे सुरू होते, त्याच्या वर कुठेतरी पाण्याची वाट असते; ती छपराच्या कडेला असेल, पट्ट्यांच्या जोडावर असेल किंवा वरच्या दिव्याच्या बैठकीखाली असेल. ओल दिसते ती जागा आणि पाणी शिरतं ती जागा एकच असेल असं गृहीत धरू नका.

ओलावा मोजायचं यंत्र घ्या, दोन टोचण्या असलेलं साधं पुरतं. लाकडात 15 टक्क्यांच्या आत ओल असेल तर काळजी नाही. 20 च्या वर गेली की शोध घ्यायलाच हवा, आणि 30 च्या आसपास टिकून राहिली तर कुजवणाऱ्या बुरशीला हवं तसं घर मिळतं. फक्त आकड्यावर विसंबू नका. धातूजवळ यंत्र चुकीचं वाचन देतं, म्हणून त्याच भिंतीची खात्रीने कोरडी असलेली जागा आधी मोजून तिच्याशी ताडून बघा. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हलकेच ठोकत गेलात तर कुजलेल्या जागी आवाज बोदा येतो. तो कानाला कळायला थोडे दिवस जातात. भिंतीवरचे काळे ओघळ पाहून मात्र लगेच गळतीचा निष्कर्ष काढू नका, बरेचदा ती छपरावरून वाहून आलेली धूळ असते.

पट्टी काढताना दुसरा माणूस सोबत हवाच. लांब पट्टी एका टोकाने सुटून लोंबली की वाकते, आणि वाकलेली जागा पुन्हा कधीच सपाट बसत नाही. जुनं सीलंट प्लास्टिकच्या पात्याने कापत जा. लोखंडी पातं फायबरग्लासवर चरे पाडतं. वाळलेली पुट्टी हीट गनने कोमट केली की सुटते. कोमटच करा, कारण व्हाइनल आणि फायबरग्लास दोन्ही जास्त उष्णतेने बिघडतात. शेवटचा चिकटपणा मिनरल स्पिरिटने (पेट्रोलियमपासून बनलेल्या द्रावणाने) पुसा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने. छप्पर ईपीडीएम रबराचं असेल तर पेट्रोलियमपासून बनलेलं द्रावण त्यावर साचू देऊ नका, रबर फुगतं.

सिलिकॉनबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण नवीन माणूस सगळ्यात आधी त्याच्याकडेच वळतो. सहज मिळतं, दिसायला सुबक, चटकन सुकतं. पण ट्रेलरच्या बाहेरच्या सांध्यावर ते लावू नका. सुकलेल्या सिलिकॉनवर दुसरं काहीच धड चिकटत नाही, नवं सिलिकॉनसुद्धा नाही. खरवडून काढलं तरी न दिसणारा पातळ थर मागे राहतो आणि पुढचं प्रत्येक सीलंट तिथे हार मानतं. माझ्याकडे येणाऱ्या सैल पट्ट्यांपैकी ज्यांच्यावर आधी कुणी सिलिकॉन फासलेलं असतं, त्यांची नुसती सफाई बसवण्यापेक्षा जास्त वेळ खाते. भिंतीसाठी न ओघळणारं, रंग घेणारं, लवचीक सीलंट निवडा. छपरासाठी जे आपोआप पसरणारं सीलंट मिळतं ते आडव्या पृष्ठभागासाठीच आहे. उभ्या भिंतीवर ते वाहून खाली येईल. पॉलियुरेथेन भक्कम धरतं, पण काही प्लास्टिकना ते चालत नाही, तेव्हा नळीवरचा मजकूर वाचल्याशिवाय तोंड कापू नका.

पट्टी निघाली की छिद्रांकडे वळायचं. लाकूड कोरडं आणि कडक असेल, फक्त छिद्र मोठं झालं असेल, तर जलरोधक गोंद लावून लाकडी खुंटी ठोका, सुकली की समतल कापा आणि नव्याने बारीक छिद्र पाडा. लाकूड ओलं असेल तर ते पूर्ण सुकेपर्यंत थांबा. इथे घाई करण्याचा मोह फार होतो, कारण मालकाच्या प्रवासाची तारीख ठरलेली असते. पण ओल्या लाकडावर ब्यूटाइल आणि सीलंट लावणं म्हणजे ओल आत कोंडणं. सहा महिन्यांनी तीच पट्टी परत सैल होऊन येईल, आणि या वेळी मागचं लाकूड सुरीने खरवडता येईल इतकं मऊ असेल. बोटाएवढी जागा मऊ असेल तर आत भिनणारं इपॉक्सी चालतं. त्याहून जास्त असेल तर कुजकं कापून नवा तुकडा जोडणं हाच मार्ग. सरळ लांब स्क्रू मारण्याचा सोपा उपाय कुणीतरी सुचवेलच. भिंतीच्या कोपऱ्यांतून बाहेरच्या दिव्यांच्या तारा जातात, त्यामुळे आत काय आहे हे कळल्याशिवाय स्क्रूची लांबी वाढवू नका, आणि काम सुरू करण्यापूर्वी बॅटरी आणि बाहेरची वीज दोन्ही तोडा.

नवे स्क्रू स्टेनलेसचे घ्या. अ‍ॅल्युमिनियमला स्टेनलेस लागलं की गंज धरतो अशी शंका कुणी काढेल. दोन वेगळे धातू ओले राहिले तर झीज होते हे खरंच. पण अ‍ॅल्युमिनियम पुष्कळ आणि स्टेनलेस थोडं असं प्रमाण असलं की ती फार सावकाश होते, आणि स्क्रूभोवती ब्यूटाइल असलं तर आणखी सावकाश. समुद्रकाठी राहणाऱ्या ट्रेलरला मात्र दरवर्षी फीत उचलून बघावं. स्क्रूचं डोकं खाचेत मावतंय ना हे आधीच तपासा; ते वर राहिलं तर फीत बसणार नाही.

ब्यूटाइल टेप पट्टीच्या मागच्या बाजूला लावा, भिंतीला नाही, आणि लावताना ताणू नका. पट्टी जागेवर धरून एका टोकापासून स्क्रू बसवत जा. ड्रिलचा क्लच, म्हणजे ठरावीक जोरानंतर फिरणं थांबवणारी कळ, सर्वांत हलका ठेवा आणि शेवटचे फेरे हाताने द्या. पट्टीच्या दोन्ही कडांतून ब्यूटाइल सारखं बाहेर येऊ लागलं की थांबायचं. त्यापुढे पिळलं तर स्क्रूंच्या मधली पट्टी लाटेसारखी उठते आणि टेप स्क्रूखालून पार निघून जाते. दुसऱ्या दिवशी, ऊन लागल्यावर, प्रत्येक स्क्रू पुन्हा एकदा हाताने तपासा, थोडे सैल झालेले असतात. मग बाहेर आलेलं ब्यूटाइल प्लास्टिकच्या पात्याने कापा आणि वरच्या व बाजूच्या कडांना सीलंटची रेघ द्या. उभ्या पट्टीचं सगळ्यात खालचं टोक मी मोकळं ठेवतो, म्हणजे चुकून आत गेलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाट राहते. काही कारागीर तेही बंद करतात. मला ते पटत नाही.

फीत जुनीच परत दाबू नका, नवी घ्या, खाचेच्या रुंदीची. उन्हात ठेवून मऊ होऊ द्या आणि न ओढता बसवा. ओढून बसवलेली फीत आखडून लवकरच टोकं उघडी करते. टोकाला दोन-तीन सेंटिमीटर जास्त ठेवा, ती दुमडून आत सरकवा आणि शेवटच्या स्क्रूखाली धरा.

सीलंट पुरतं सुकल्यावर पाण्याने तपासणी करा. नळीचं पाणी हलक्या धारेने, खालून सुरू करून सावकाश वर न्या, आणि एक माणूस आत टॉर्च घेऊन बसू द्या. खालून सुरू केल्यामुळे पाणी नेमकं कोणत्या उंचीवर शिरलं ते कळतं. जोरदार धारेचं यंत्र वापरू नका, ते चांगल्या सांध्यातूनही पाणी आत घालतं. मोठ्या कार्यशाळांत पंख्याने ट्रेलरच्या आत हवेचा हलका दाब देतात आणि बाहेरून सांध्यांवर साबणाचं पाणी लावतात. बुडबुडे आले तिथे फट. संधी मिळाली तर ही चाचणी एकदा जवळून बघाच.

रस्त्यात पट्टी सुटली असा फोन येईल तेव्हा सांगायचं एवढंच की ती तशीच फडफडत ठेवून पुढे जाऊ नका. वेगात ती उपटून मागच्या गाडीवर जाऊ शकते. बाहेर वापरायच्या मजबूत टेपने बांधा, सावकाश चालवा, आणि सिलिकॉनची नळी विकत घेऊ नका.

पट्टी उघडण्यापूर्वी मालकाशी स्पष्ट बोला: आत काय निघेल ते उघडल्यावरच कळेल, म्हणून कामाचा अंदाज दोन टप्प्यांत देणार, आधी फक्त उघडून तपासण्याचा, मग दुरुस्तीचा. स्क्रू टोचलेला तो पुठ्ठा त्यांना दाखवा. शब्दांपेक्षा तो लवकर पटतो, आणि लाकूड सुकायला लागणारे दिवस मागणं मग सोपं जातं. काम झाल्यावर ट्रेलरच्या कागदपत्रांत तारीख, टेपचा प्रकार आणि सीलंटचं पूर्ण नाव लिहून ठेवा, म्हणजे पुढच्या वेळी ही पट्टी जो उघडेल त्याला तिथे काय चिकटेल हे आधीच माहीत असेल.