सेजमॅथच्या नोटबुकात बाहेरची फाइल लोड होत नाही तेव्हा

सेजमॅथ हे पायथनवर उभे असलेले गणिताचे सॉफ्टवेअर. बाहेरची फाइल आत आणणारी त्याची लोड ही आज्ञा दिसायला साधी आहे. कंसात, अवतरणचिन्हांत फाइलचे नाव लिहायचे आणि सेल चालवायचा. ती अडते तेव्हा दोष गणितात क्वचितच असतो. एक तर नोटबुक भलत्याच फोल्डरात उभे असते, नाहीतर नावाच्या शेपटामुळे (टिंबानंतरच्या एक्स्टेन्शनमुळे) फाइल भलत्याच पद्धतीने वाचली जाते. (आज्ञा इथे उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टाइप करताना त्या रोमन छोट्या अक्षरांत लिहाव्या लागतात.)

आधी कर्नल, म्हणजे नोटबुकामागे कोड चालवणारा प्रोग्राम, बघा. रिकाम्या सेलमध्ये 1/2 लिहून चालवा. उत्तर 1/2 असेच आले तर सेजचा कर्नल चालू आहे. 0.5 आले तर तो साधा पायथन आहे, आणि त्याला सेजचे लोड ठाऊकच नाही, म्हणून एरर येते. कर्नलच्या मेनूतून सेजमॅथ निवडले की झाले.

मग जागा. टक्क्याचे चिन्ह आणि त्याला चिकटून पीडब्ल्यूडी लिहून सेल चालवा (बांधकाम खाते नव्हे, हे ‘प्रिंट वर्किंग डिरेक्टरी’). चालू फोल्डर कोणते ते कळते. ज्युपिटर (नोटबुक चालवणारा प्रोग्राम) सहसा नोटबुक ठेवलेल्या फोल्डरातच कर्नल सुरू करते, पण आधीच्या एखाद्या सेलमध्ये फोल्डर बदलणारे सीडी चालवले असेल तर मुक्काम हललेला असतो. तोच सेल दोनदा चालला तर आणखी आत जातो. तिथेच टक्का-एलएस चालवून यादी काढा आणि फाइलचे नाव त्या यादीतून कॉपी करा, आठवणीतून टाइप करू नका. लिनक्सवर कॅपिटल आणि छोटे अक्षर म्हणजे दोन वेगळ्या फाइली.

‘डिड नॉट फाइंड फाइल’ असा संदेश आला तर फाइल खरोखरच तिथे नाही. पण कधीकधी सेज तुम्ही न मागितलेली, डॉट-एसओबीजे शेपटाची फाइल सापडत नसल्याची तक्रार करते. हा चक्रावणारा संदेश बराच काही सांगून जातो. दिलेले शेपूट ओळखीचे नसले की सेज त्याला साठवलेला ऑब्जेक्ट समजते आणि शेपूट स्वतः जोडते. म्हणजे एक तर तुम्ही शेपूट लिहायला विसरलात किंवा ते चुकीचे आहे. विंडोजवर नोटपॅडमध्ये सेव्ह केलेली फाइल हिशेब.सेज दिसते, पण प्रत्यक्षात ती हिशेब.सेज.टीएक्सटी असते, कारण एक्सप्लोरर ओळखीची शेपटे लपवतो. यादीतले पूर्ण नाव बघून तेच लोडला दिले की नेमका हा संदेश येतो. ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’ दाखवायला लावा आणि नाव दुरुस्त करा.

विंडोजवर सेज डब्ल्यूएसएलमध्ये (विंडोजच्या आत चालणाऱ्या लिनक्समध्ये) चालत असेल तर सी ड्राइव्ह तिथे एमएनटी या फोल्डरात, सी या नावाने असतो. पाथ तसाच द्यावा आणि तिरप्या रेषा पुढे झुकणाऱ्या वापराव्यात. एक्सप्लोररमधून उचललेल्या पाथमधला बॅकस्लॅश पायथनला वेगळाच अर्थ सांगतो: बॅकस्लॅशपुढे एन आला की नवी ओळ, टी आला की टॅब. युजर्स फोल्डरातला कॅपिटल यू तर युनिकोडची एरर काढतो. डॉकरमध्ये (प्रोग्राम वेगळ्या बंद कप्प्यात, म्हणजे कंटेनरमध्ये, चालवणाऱ्या साधनात) सेज असेल तर कंटेनरला जोडून दिलेले फोल्डर सोडून तुमच्या संगणकावरचे काहीच दिसत नाही.

आता शेपटाची गंमत. डॉट-सेज फाइल आधी प्रीपार्सरमधून, म्हणजे सेजची लिपी पायथनमध्ये बदलणाऱ्या गाळणीतून, जाते. तो ^ ला घात समजतो आणि पूर्णांकांना सेजचे पूर्णांक करतो. डॉट-पाय फाइल मात्र लोडने चालवली तरी जशीच्या तशी पायथन म्हणून चालते. त्यात ^ म्हणजे घात नव्हे, बिटवार एक्सॉर (दोन संख्यांचे द्विमान अंक जिथे वेगळे तिथे 1, सारखे तिथे 0). ऑयलरची n^2+n+41 ही राशी घ्या. n ला 0, 1, 2, 3 दिले की 41, 43, 47, 53 या मूळ संख्या मिळायला हव्यात. हीच ओळ डॉट-पाय फाइलमध्ये टाकली तर 43, 45, 47, 45 मिळतात. पायथनमध्ये + ची बांधणी ^ पेक्षा घट्ट असल्याने 3^2+3+41 म्हणजे 3 आणि 46 चा एक्सॉर, तो 45 येतो. एरर नाही, इशारा नाही. त्यातही n=2 ला दोन्हीकडे 47 येते, म्हणजे एकाच आकड्यावर चाचणी घेणारा हमखास फसतो. उपाय दोन: फाइलला डॉट-सेज शेपूट द्या किंवा आत ^ च्या जागी ** वापरा. भागाकाराचेही तेच, 1/3 अपूर्णांक न राहता दशांश होतो.

पायथनचे इम्पोर्ट वापरायचे असेल तर फाइल डॉट-पाय हवी आणि तिच्या सुरुवातीला सेज.ऑलमधले सगळे आयात करणारी ओळ हवी. एक मोठा फरक लक्षात ठेवा. इम्पोर्ट केलेली फाइल एकदाच वाचली जाते. तुम्ही दुरुस्ती करून सेल पुन्हा चालवला तरी जुनेच फंक्शन चालते. त्यासाठी इम्पोर्टलिबचे रीलोड वापरा किंवा कर्नल रीस्टार्ट करा. फाइलचे नाव रँडम वगैरे ठेवले असेल तर तुमची फाइल येतच नाही. पायथनची त्याच नावाची फाइल आधीच मेमरीत असते, तीच मिळते.

लोडचे याच्या उलट: दर वेळी फाइल नव्याने वाचते, पण आतली सगळी नावे थेट नोटबुकात ओतते. फाइलमध्ये एखादी फॉर-लूप x वर फिरली असेल तर लोडनंतर x हे चल राहत नाही, शेवटचा आकडा होऊन बसते, आणि खाली कुठेतरी अवकलन अडते. x = var('x') या अर्थाची ओळ पुन्हा चालवली की x चल होते. तसेच, फाइलमधून खोडलेले फंक्शन मेमरीत राहतेच, त्यामुळे ‘काढले तरी चालतेय’ असा भास होतो. फाइल बदलली की आपोआप वाचणारी अटॅच ही आज्ञाही आहे, पण ती टर्मिनलसाठी ठीक. नोटबुकात लोडचा सेल पुन्हा चालवणे खात्रीचे.

सिंटॅक्स-एरर आली आणि ओळ तर बरोबर दिसतेय? व्हॉट्सॲप किंवा वर्डमधून आलेली वाकडी अवतरणचिन्हे शोधा. मराठी कीबोर्ड चालू राहून आलेले देवनागरी अंकही बघा. int('१२') पायथनला चालते, पण कोडमध्ये नुसते १२ लिहिले तर चालत नाही. डॉट-सेज फाइलच्या एररमधला ओळ क्रमांक प्रीपार्सरने बदललेल्या मजकुराचा असतो, म्हणून तो मूळ फाइलपेक्षा थोडा सरकलेला असू शकतो. वरच्या-खालच्या दोन-तीन ओळीही तपासा.

लोडला वेबपत्ताही देता येतो, अटॅचला नाही. गिटहबवरची फाइल घेताना पानाचा पत्ता दिला तर कोडऐवजी एचटीएमएल येते आणि पहिल्याच < चिन्हावर गाडी थांबते. ‘रॉ’ बटण दाबल्यावर दिसणारा पत्ता द्या.