बीपीचे रुग्ण आणि झोपेची गोळी : या चुका टाळा

सदाशिव पेठेतील औषधांच्या दुकानात मी २२ वर्षे काम करतो आहे आणि 'झोपेचीच तर गोळी आहे' हे वाक्य आजही दिवसाआड ऐकतो. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम यांसारखी औषधे मेंदूला शांत करतात, त्याचबरोबर हृदयाचे ठोके आणि रक्तवाहिन्यांचा ताण सांभाळणाऱ्या मज्जासंस्थेलाही मंद करतात. धडधाकट तरुणाला ते सहसा जाणवतही नाही. बीपीची औषधे चालू असलेल्या वयस्कर माणसाचे तसे नसते.

सर्वांत घातक चूक म्हणजे दुसऱ्याची गोळी घेणे. आमचे एक जुने ग्राहक, वय ७४, रोज पहाटे पर्वती चढणारे. बीपीसाठी अम्लोडिपिन आणि प्रोस्टेटसाठी टॅम्सुलोसिन त्यांना आधीपासून चालू होते. चार दिवस झोप नीट लागली नाही म्हणून शेजाऱ्यांकडून गोळ्या आणून त्यांनी दोन रात्री घेतल्या. दुसऱ्या रात्री तीनच्या सुमारास ते लघवीला उठले आणि न्हाणीघराच्या दारापर्यंत पोहोचण्याआधीच कोसळले. खुब्याचे हाड मोडले. सकाळी त्यांच्या सूनबाईंनी उरलेली पट्टी माझ्यापुढे ठेवली. कात्रीने कापलेला दोन गोळ्यांचा तुकडा होता तो. औषधाचे नाव असलेला भाग आधीच कुणीतरी नेलेला, मागे मुदतीचे अर्धे आकडे तेवढे दिसत होते. रुग्णालयातून विचारणा होत होती आणि मला औषध ओळखता येत नव्हते. शेजाऱ्यांची चिठ्ठी मिळाली तेव्हा ते क्लोनाझेपाम असल्याचे कळले. या औषधाचा निम्मा अंश शरीरातून जायलाच साधारण ३० ते ४० तास लागतात, त्यामुळे दुसरी गोळी पहिलीच्या उरलेल्या असरावर पडली होती. उठून उभे राहताना रक्त पायांकडे उतरते आणि शरीर लगेच रक्तवाहिन्या आवळून, ठोके वाढवून दाब सावरते; इथे तिन्ही औषधांनी मिळून ते सावरणेच ढिले केले होते.

तेव्हापासून चालू असलेल्या सर्व औषधांची यादी पाहिल्याशिवाय मी गोळी काढून देत नाही, मागे रांग लागली तरी. घरी बीपीचे यंत्र असेल तर आडवे असताना आणि उभे राहून तीन मिनिटांनी असा दोनदा दाब मोजण्यास सांगतो. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला, तर पुढची गोळी घेण्याआधी डॉक्टरांना फोन करावा. रात्री उठताना दिवा लावून, पाय जमिनीला टेकवून, शंभर अंक मोजेपर्यंत पलंगाच्या कडेला बसावे.

दुसरी चूक याच्या उलट, पण तितक्याच घाईतून होणारी. कित्येक महिने रोज गोळी घेतल्यावर 'सवय लागेल' या भीतीने एका दिवसात ती बंद केली जाते. मग दाबून ठेवलेली उत्तेजना उसळते, नाडी आणि रक्तदाब वाढतो, घाम सुटतो, हात कापतात, काहींना आकडीही येते. कोथरूडच्या एका ताई छातीतील धडधडीसाठी दोनदा ईसीजी काढून आल्या होत्या आणि गोळी सोडल्याचे त्यांनी कुणालाच सांगितले नव्हते. मात्रा डॉक्टरांच्या सल्ल्याने काही आठवडे, कधी महिने घेऊन उतरवावी लागते. याला जवळची वाट नाही.

मद्य आणि झोपेची गोळी एकत्र कधीही घेऊ नये. डिल्टियाझेम किंवा व्हेरापामिल घेणाऱ्यांच्या रक्तात अल्प्राझोलाम जास्त साठू शकते, म्हणून हृदयाचे औषध आधी सांगावे. मोठ्याने घोरणाऱ्या आणि झोपेत श्वास अडकणाऱ्या माणसाने तपासणीआधी गोळी मागू नये, कारण ऑक्सिजन उतरला की त्याचा भार रात्रभर हृदयावर पडतो. लघवी वाढवणारी गोळी संध्याकाळी घेतल्यामुळे झोपमोड होत असेल, तर आधी तिची वेळ डॉक्टरांकडून बदलून घ्यावी.

चिठ्ठीसाठी वाद घालणाऱ्यांना मी माझी वही दाखवतो. अल्प्राझोलाम, डायझेपाम आणि झोल्पिडेम शेड्यूल एच-१ मध्ये, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या औषधांच्या सरकारी यादीत आहेत, आणि मार्च २०१४ पासून त्यांच्या प्रत्येक विक्रीची नोंद करून ती तीन वर्षे जपणे बंधनकारक आहे.

'आडवे झाले की झोप उडते, बसले की बरे वाटते' असे कुणी सांगितले, तर मी एकच प्रश्न विचारतो : उशा किती लागतात? एकीच्या दोन-तीन झाल्या असतील आणि पायांवर सूज असेल, तर तो निद्रानाश नसून हृदय कमकुवत झाल्याने लागणारा दम असू शकतो. अशा माणसाला मी त्याच दिवशी डॉक्टरांकडे पाठवतो.