घरी मॉर्फिन देताना दुखण्याची वही ठेवा
मी पॅलिएटिव्ह केअरची, म्हणजे गंभीर आजारात दुखणं-त्रास कमी करणाऱ्या सेवेची नर्स, घरोघरी जाते. गेल्या गेल्या आधी वही मागते. वेळ, कुठे दुखतंय, ० (अजिबात नाही) ते १० (असह्य) मध्ये किती, गोळीनंतर तासाभराने किती, एवढंच लिहायचं. आकडा पेशंटनेच सांगायचा. "तिला कण्हायची सवयच आहे" असलं मधे बोलायचं नाही. बोलता येत नसेल तर कपाळावरच्या आठ्या, कूस बदलताना आवळलेली मूठ बघा.

मॉर्फिन हे जोरदार वेदनाशामक. त्याची साधी गोळी चारेक तास पुरते, म्हणून घड्याळ लावून द्यायची, कळ येण्याची वाट बघत बसायचं नाही. जागतिक आरोग्य संघटना १९८६ पासून हेच सांगतेय. सावकाश विरघळणारी गोळी वेगळी. ती कुटून देऊ नका. मधेच कळ उठली तर जादा डोस किती, हे डॉक्टरांकडून वहीतच लिहून घ्या. मनाने वाढवू नका, एकदम बंदही करू नका.

व्यसन लागेल म्हणून गोळ्या लपवणारे जावई पाहिलेत मी! डॉक्टरांच्या देखरेखीत ती भीती फार कमी. खरा छळ बद्धकोष्ठाचा. पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून सोबत हवंच. फार गुंगी आली किंवा श्वास मंदावला तर पुढची गोळी थांबवून लगेच डॉक्टरांना फोन लावा.