हाताळत शिकणं आणि पालकांचा हात : बालवाडीत एक विषय कसा राबवावा

बालवाडीत 'वाहनं' हा विषय बहुतेक ठिकाणी एकाच पद्धतीने होतो. भिंतीवर तक्ता लागतो, मुलं ताईंच्या मागून 'बस, रेल्वे, विमान' म्हणतात, छापील चित्रात रंग भरतात. मग शुक्रवारी घरी निरोप जातो, 'सोमवारी वाहनाचं मॉडेल करून आणावे.' रविवारी रात्री आई-बाबा पुठ्ठा कापत बसतात आणि मूल केव्हाच झोपलेलं असतं. सोमवारी सगळी मॉडेलं टेबलावर मांडतात आणि मुलांनाच सांगावं लागतं, 'हात लावू नका हं.'

पालकांनी कष्ट घेतले, ताईंनीही घेतले. पण मुलाच्या हाताला काय लागलं? आणि आई-बाबांचे कष्ट त्याने पाहिले तरी का?

हाच विषय मुलांच्या हातात खऱ्या वस्तू देऊन आणि पालकांना वर्गात बोलावून दोन-तीन आठवड्यांत कसा करता येतो, ते इथे टप्प्याटप्प्याने सांगते. उदाहरण 'चाक' या विषयाचं घेतलं आहे आणि वयोगट साधारण साडेतीन ते सहा वर्षांचा धरला आहे.

१. विषय लहान घ्या

'वाहनं' हा विषय फार मोठा आहे. विमान आणि जहाज मुलाच्या हातात येत नाही, म्हणून चित्रावर भागवावं लागतं. 'चाक' मात्र हातात येतं, फिरतं, अडकतं, निखळतं. विषय निवडताना मी तीन गोष्टी बघते. तो मुलांना हाताळता येईल का? वर्गाबाहेर, घरी-रस्त्यावर तो रोज दिसतो का? आणि पालकांपैकी कोणाच्या तरी रोजच्या कामात तो आहे का? तिसऱ्या प्रश्नाकडे सहसा लक्ष जात नाही, पण पालकांचा सहभाग तिथेच ठरतो. डायनोसॉर आणि अवकाश मुलांना आवडतात, त्यांच्या गोष्टी जरूर सांगा. हाताळायच्या विषयासाठी मात्र जवळचं काहीतरी घ्या.

यात नवं असं काही नाही. जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रेडरिक फ्रोबेल यांनी १८३७ साली लहान मुलांसाठी संस्था काढली. तिलाच पुढे किंडरगार्टन हे नाव मिळालं. मुलांच्या हातात द्यायला त्यांनी जी साधनं तयार केली, त्यांना ते 'भेटी' म्हणत. त्यातल्या दुसऱ्या भेटीत लाकडाचा गोल, घन आणि दंडगोल अशा तीन वस्तू आहेत. गोल कुठेही घरंगळतो. घन ठेवला तिथेच बसतो. दंडगोल आडवा केला तर घरंगळतो, उभा केला तर बसून राहतो. चाकाचा अर्धा विषय या तीन लाकडी वस्तूंमध्येच आहे!

२. शिकवण्याआधी ऐका

पहिल्या दिवशी काहीही मांडू नका. मुलांना गोल करून बसवा आणि विचारा, "चाक कुठे कुठे पाहिलंत?" उत्तरं त्यांच्याच शब्दांत, नावासकट मोठ्या कागदावर लिहा. 'चाक गोल असतं म्हणून त्याला पाय लागत नाहीत,' असं कोणी म्हणालं तर तसंच्या तसं लिहा. चुकीचं उत्तर दुरुस्त करू नका. पुढच्या आठवड्यात ते मूल स्वतःच ते बदलेल, आणि तेव्हा हा कागद उपयोगी पडेल.

मग विचारा, "चाकाबद्दल काय शोधून काढायचं?" लहान मुलांना प्रश्न तयार करणं जड जातं. 'मला ते आतलं बघायचंय' एवढंच येईल. तेवढं पुरे, त्यावरून पुढचे दिवस ठरवता येतात.

३. सामान जमवा, आणि ते तपासा

दोऱ्याची रिकामी रिळं, बाटल्यांची मोठी झाकणं, पुठ्ठ्याच्या नळ्या, वेगवेगळ्या मापाचे डबे, कागदी पेले, चेंडू, लाकडी ठोकळे, मोडक्या खेळण्यांची चाकं, चाकं असलेली प्रवासी बॅग, जमलं तर सायकलचं एक जुनं चाक. विकत आणण्यासारखं यात काही नाही, आणि पालकांनाही तसं स्पष्ट सांगा.

तपासणी मात्र मन लावून करा. टिश्यूचा रोल संपल्यावर उरणारी पुठ्ठ्याची नळी साधारण ४ सेंटीमीटर व्यासाची असते. जी वस्तू त्या नळीतून आरपार जाते, ती तोंडात घालणाऱ्या मुलांच्या आसपास नको. वर्गात तीन वर्षांखालचं मूल असेल तर हा नियम अजिबात सैल करू नका. खेळण्यातल्या गाड्यांमध्ये बटणासारखे चपटे सेल असतात, ते आधीच काढून टाका. असा सेल गिळला गेला तर अन्ननलिकेला दोन तासांच्या आत गंभीर इजा होऊ शकते. सायकलच्या चाकाच्या तारांमध्ये बोट अडकतं, म्हणून ते चाक मोठं माणूस शेजारी असेल तेव्हाच बाहेर काढा.

४. उतार मांडा आणि थोडं गप्प बसा

साधारण एक मीटर लांबीची फळी घ्या, एका टोकाखाली दोन विटा ठेवा, झाला उतार. एका वेळी चार-पाच मुलंच असू द्या. सगळा वर्ग एका फळीभोवती जमला तर हात दोघांचेच पोचतात आणि बाकीची मुलं धक्काबुक्की करतात. उरलेल्यांसाठी दुसऱ्या कोपऱ्यात मातीचा गोळा आणि छोट्या गाड्या ठेवा. मातीवर गाडी फिरवली की चाकाची नक्षी उमटते, आणि कोणता माग कोणत्या गाडीचा हे ओळखण्यात मुलं बराच वेळ रमतात.

उतारापाशी पहिली दहा मिनिटं काही शिकवू नका. मुलं आधी सगळं एकदम सोडतील, आवाज होईल. तो होऊ द्या. हळूहळू कोणीतरी एकच वस्तू निवडून पुन्हा पुन्हा सोडायला लागतं. शिकणं तिथे सुरू झालेलं असतं.

कागदी पेला या उतारावर मोठी गंमत करतो. चेंडू सरळ जातो, डबा सरळ जातो, पेला मात्र वळतो आणि फळीच्या बाजूने खाली पडतो. मूल तो उचलून पुन्हा लावतं, या वेळी नीट सरळ, तरी तो वळतोच. कारण साधं आहे. पेल्याचं तोंड मोठं आणि बूड लहान. एका फेरीत तोंडाची कड जास्त अंतर कापते, बुडाची कमी, म्हणून पेला बुडाच्या बाजूला वळत जातो. हे तुम्हाला माहीत असू द्या, पण मुलांना लगेच सांगू नका. "आता उलटा ठेवला तर कुठे जाईल?" एवढंच विचारा. पेला उलट दिशेने वळला की मुलांचे चेहरे बघण्यासारखे होतात, आणि मग ती स्वतःच दोन पेले बुडाला बूड लावून चिकटवायची कल्पना काढतात. नाही काढली, तर तिसऱ्या दिवशी चिकटवलेली जोडी तुम्ही गुपचूप सामानात ठेवा. ती सरळ जाते.

प्रश्न कसा विचारता यावर पुष्कळ अवलंबून असतं. 'हा कोणता रंग?' याचं उत्तर ताईंना माहीत आहे हे मुलालाही कळतं. 'काय होईल असं वाटतं?', 'असं का झालं असेल?', 'हे थांबवायचं असेल तर?' या प्रश्नांना मूल विचार करतं. विचारल्यावर मनात सावकाश पाचपर्यंत मोजा. मधली शांतता ताईंना खटकते, मुलांना नाही.

पुढच्या दिवसांत एक एक बदल करा. फळीवर टॉवेल अंथरा, एक वीट वाढवा किंवा काढा. दोन्ही एकदम बदललंत तर कशामुळे काय झालं ते मुलांना लागत नाही.

दुसऱ्या आठवड्यात गाडी करायला घ्या. झाकणांना भोकं मोठ्यांनीच पाडायची. झाकणाच्या भोकात काडी घट्ट बसवायची, ती काडी स्ट्रॉमधून ओवायची, पलीकडे दुसरं झाकण. स्ट्रॉ खोक्याला चिकटवली की आस तयार. काही झाकणांची भोकं मुद्दाम मध्यापासून थोडी बाजूला पाडून ठेवा. ती गाडी लंगडत चालते. 'ही अशी का चालते?' या प्रश्नावर मुलं भोकाकडे बोट दाखवतात, तेव्हा 'मध्यबिंदू' हा शब्द माहीत नसतानाही त्यांना तो कळलेला असतो.

५. पालकांना बोलवा, त्यांच्या हातच्या कामासाठी

'पालकांनी उपक्रमात सहभागी व्हावे' या वाक्यातून कोणालाच काही कळत नाही. चिठ्ठीत नेमकं काय हवं ते लिहा. उदाहरणार्थ:

'नमस्कार. पुढचे दोन आठवडे मुलं चाकाशी खेळणार आहेत. तुमच्या रोजच्या कामात चाक, कप्पी, रीळ किंवा फिरणारी कुठलीही वस्तू आहे का? असल्यास पंधरा मिनिटं वर्गात येऊन मुलांसमोर ते काम कराल का? भाषण करायचं नाही, काही विकत आणायचं नाही. सकाळी वर्ग सुरू होताना किंवा सुटण्याआधी, तुम्हाला सोयीचं असेल तेव्हा या.'

चिठ्ठीवर थांबू नका. मुलाला सोडायला येतात तेव्हा दारात नाव घेऊन विचारा. "तुमचं शिलाई मशीन पायाने चालतं ना? त्याचं मोठं चाक आणि पट्टा मुलांना दाखवाल का? फोटो आणि रीळ आणलंत तरी चालेल." हातांनी काम करणारे पालक सहसा मागे उभे असतात. 'आम्ही काय शिकवणार, ताई?' असं म्हणतात. त्यांनाच आग्रह करा. आपल्या बाबांचं काम सगळा वर्ग डोळे मोठे करून बघतोय, हे त्या मुलासाठी किती मोलाचं असतं! आणि फक्त आयांनाच बोलावू नका. बाबा, आजी-आजोबा, मोठी भावंडं, सगळ्यांना निमंत्रण द्या.

सायकल दुरुस्त करणारे कोणी पालक असतील, तर पंक्चर काढणं हा सुंदर पाठ होतो. ट्यूब बाहेर काढायची, हवा भरायची आणि पाण्याच्या टबात बुडवून थोडी थोडी पुढे सरकवायची. एका जागी बुडबुडे येतात. ते शोधायचं काम मुलांचं. दिसणार नाही एवढ्या भोकातून येणारी हवा पाण्यात दिसते, याचं मुलांना फार नवल वाटतं. मग ती जागा पुसून कोरडी करायची, पॉलिश पेपरने घासायची, सोल्यूशन लावून ते जरा सुकू द्यायचं आणि वर ठिगळ दाबून बसवायचं. घासायला मुलांना द्या. सोल्यूशनची ट्यूब मात्र पालकांच्याच हातात राहील आणि हे काम अंगणात, मोकळ्या हवेत होईल. शेवटी ट्यूब पुन्हा पाण्यात. बुडबुडे थांबले का? हा निकाल मुलांनीच द्यायचा. काम झाल्यावर टब लगेच रिकामा करा. लहान मुलाला बुडायला काही सेंटीमीटर पाणीही पुरतं.

येणाऱ्या पालकाशी आदल्या दिवशी दोन मिनिटं बोला. खाली, मुलांच्या उंचीवर बसा. वस्तू मुलांच्या हातात जाऊ द्या. एखादी पायरी चुकली तरी मुलाच्या हातून ओढून घेऊ नका. आणि हेही सांगून ठेवा, की त्यांचं स्वतःचं मूल कदाचित चिकटून बसेल, रडेल, दुसऱ्या मुलांना जवळ येऊ देणार नाही. त्याला रागावू नका. त्याच्याकडे पंप धरायचं किंवा कागद वाटायचं काम द्या. फोटोंचा नियमही आधीच स्पष्ट करा. दुसऱ्यांच्या मुलांचे फोटो त्यांच्या पालकांच्या परवानगीशिवाय काढायचे नाहीत आणि ग्रुपवर टाकायचे नाहीत.

६. जे येऊ शकत नाहीत, त्यांच्यापर्यंत पोचा

पाळीची नोकरी, घरात आजारी माणूस, तान्हं बाळ... कारणं खरी असतात. वर्गात न येणारे पालक बेफिकीर असतात असा समज कृपा करून करून घेऊ नका. बालशिक्षणात आयुष्य घालवलेल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी, मुलं बालवाडीपर्यंत येत नाहीत हे पाहिल्यावर बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. पालकांच्या बाबतीतही तोच विचार करावा.

घरी पाच मिनिटांचं काम द्या, ज्यात काही बनवायचं नाही. 'आज घरातली फिरणारी एक वस्तू मुलाला शोधू द्या. ती कशासाठी फिरते ते त्याला विचारा आणि त्याचं उत्तर आम्हाला बोलून पाठवा.' पंखा, दाराची मूठ, डब्याचं झाकण, काहीही चालेल. तो आवाजी निरोप दुसऱ्या दिवशी वर्गात ऐकवा. आईचा आणि आपला आवाज वर्गात ऐकू आला की मूल ताठ बसतं. ज्यांना वाचता-लिहिता येत नाही, त्या पालकांनाही यात काही अडचण येत नाही.

७. नोंद ठेवा, पण थोडीच

रोज दोन-तीन मुलांचं एखादं वाक्य आणि ते काय करत होतं, एवढं लिहा. 'छान खेळला' ही नोंद निरुपयोगी आहे. 'पेला चार वेळा सरळ लावून पाहिला, मग उलटा केला' हे वाचून पालकांना आपलं मूल कसा विचार करतं ते कळतं. या नोंदी पहिल्या दिवशीच्या कागदाशेजारी लावा.

८. विषय संपवताना

शेवटच्या दिवशी पालकांना तासभर बोलवा. पाठ केलेली भाषणं नकोत, नाच नको. उतार, माती, लंगडी गाडी सगळं मांडून ठेवा आणि मुलांना सांगा, 'तुमच्या घरच्यांना खेळायला शिकवा.' पालकांनी खाली बसून पेला सोडायचा आणि तो कुठे वळेल ते आधी सांगायचं. ते चुकले तर मुलं समजावून देतील. कोणाचे पालक आले नसतील, तर त्या मुलाची जोडी आधीच दुसऱ्या कुटुंबाशी लावून ठेवा. ऐन वेळी ते लक्षात येऊ नये.

उसनं आणलेलं सामान त्याच दिवशी, नाव लिहिलेल्या पिशवीतून परत द्या. फळी आणि विटा मात्र आणखी काही दिवस कोपऱ्यात राहू द्या. विषय संपल्यानंतरही काही मुलं तिथे जातात, आणि पुढचा विषय कोणता घ्यावा याचा धागा बऱ्याचदा त्यांच्याच बोलण्यात सापडतो.